बॉनेटवरचं तुटकं कडं

१

शिवकांत अप्पा गाडीतून उतरले आणि हात न जोडता थेट आत आले, तेव्हाच धम्मशीलानं ओळखलं, काहीतरी बिनसलंय. रस्त्यातल्या अनोळखी माणसालाही थांबून, हात जोडून, लिंगायत रीतीचा नमस्कार म्हणून "शरणार्थी" म्हणणारा हा माणूस. गंगाखेडच्या बाजारात त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान, आणि त्यांच्या बोलण्यावर अर्धा बाजार गाडी घेतो, अर्धा बाजार गाडी विकतो, असं लोक सांगतात.

"शटर ओढा," अप्पा म्हणाले. "अन् तुमचा तो दिवा लावा."

परमेश्वरनं शटर खाली घेतलं. जिंतूर रोडवरचा गलका एकदम दूर गेला. जुन्या गाड्यांच्या रंगावर धुळीनं आणि चुकीच्या पुसण्यानं कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे पडतात. ते मशीननं घासून काढायचे, हा या दुकानाचा धंदा. घासायचं काम परमेश्वरचं. घासण्याआधीचे आणि नंतरचे फोटो काढायचं काम धम्मशीलाचं. पूर्वी ती लग्नाचे फोटो काढायची, आणि नवऱ्या मुलींपेक्षा गाड्या बऱ्या, निदान हलत तरी नाहीत, असं ती परमेश्वरला सांगायची. दुकानाची एक अख्खी भिंत तिच्या फोटोंनी भरली होती. गिऱ्हाईक आत आलं की आधी भिंत बघायचं, मग गाडीची चावी द्यायचं. खरं तर दुकान त्या भिंतीवरच उभं होतं.

परमेश्वरनं दिवा पेटवून अप्पांच्या काळ्या गाडीच्या बॉनेटसमोर धरला. दिवाळीनंतर याच गाडीवर तो घाम गाळून राबला होता. गाडी गेली तेव्हा बॉनेटमध्ये बघून माणसानं भांग पाडावा, अशी झाली होती.

आता दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक, चंदेरी कडं चमकत होतं.

"बगा," अप्पा म्हणाले. बोट दाखवायची त्यांची रीत वेगळी होती, मधली तीन बोटं जोडून ते दाखवत. कपाळावर विभूतीच्या तीन ताज्या रेघा होत्या. "पुन्हा आले. माझा पाहुणा औरंगाबादला गाड्यांचंच काम करतो. तो म्हणला, ह्या लोकांनी ओरखडे काढलेच न्हाईत, मेण भरून झाकले. मेण उतरलं अन् खाली होतं ते वर आलं. न्हाईतर ही गोल मशीनची खूण हाय. दोन्हीत कसूर तुमचाच."

"अप्पा, मेण भरायचं काम आमी करत न्हाई," परमेश्वर म्हणाला.

"मग भिंतीवरचे फोटो खोटे हायत का खरे?" अप्पांचा आवाज चढला नाही, पण धम्मशीलाच्या कानशिलावर चापट बसल्यासारखं झालं. "गाडी हितंच ऱ्हाऊ द्या. सोमवारी येतो. खुलासा द्या, न्हाईतर बाजारात जे बोलायचं ते मी बोलीन."

ते निघून गेल्यावर परमेश्वर गाडीच्या नाकावर वाकला. कंपनीच्या चिन्हाच्या खाचेत पांढुरकी पूड बसली होती. पॉलिशचं कंपाउंड सुकलं की अगदी तशीच दिसते.

"ताई," तो हळूच म्हणाला, "ही पूड आपलीच निघाली तर?"

२

धम्मशीला घाबरली की तिचा कॅमेरा हातात येतो. तिनं बॉनेटचे फोटो काढायला सुरुवात केली, आणि परमेश्वरला बोलता ठेवलं, कारण गप्प बसलेला परमेश्वर स्वतःला फासावर चढवतो.

"मेण भरलं होतं का?"

"आईशप्पथ न्हाई."

"मग मेण गेलं असतं तर जुने ओरखडे कुठं कुठं दिसले असते?"

"सगळीकडं. दारांवर, डिकीवर, छतावर. समदं जाळंच होतं ना तिथं."

दोघं दिवा घेऊन गाडीभोवती फिरले. दारं निर्मळ होती, छत निर्मळ होतं, डिकीत तर परमेश्वरच्या मिशीचा केसन् केस दिसत होता. ओरखडे फक्त बॉनेटवर होते. अप्पांच्या पाहुण्याचं मेण एकाच जागी का उतरावं, हे त्या पाहुण्यालाच विचारायला हवं होतं.

मग पुडीचा नंबर. धम्मशीलानं दातकोरणीनं खाचेतली पूड काढून एका जुन्या, काळ्या पत्र्यावर ठेवली आणि शेजारी परमेश्वरचं सुकलेलं कंपाउंड ठेवलं. दोन्हींवर अंगठा फिरवला. कंपाउंडचा तेलकट डाग राहिला. खाचेतली पूड मात्र कोरडी होती, फुंकर मारताच उडाली आणि मागे काही राहिलं नाही.

"आपली न्हाई!" परमेश्वरच्या जिवात जीव आला. "मग कशाची?"

"चुना असेल, सिमेंट असेल, काहीही असेल. गंगाखेडला काय कमी धूळ आहे?" धम्मशीला म्हणाली. तिचं लक्ष कॅमेऱ्याच्या पडद्याकडे होतं.

तिथं ते चंदेरी कडं दिसत होतं. ते बघितलं की कुणालाही वाटतं, रंगावर कुणीतरी गोल गोल घासलंय. धम्मशीलाला ठाऊक होतं की तसं नसतं. ओरखडे हव्या त्या दिशेला पडलेले असतात, पण दिव्याला जे आडवे येतात तेवढेच चमकतात आणि बाकीचे अंधारात राहतात. म्हणून दिव्याभोवती गोल दिसतो. दिवा सरकवला की गोलही सोबत सरकतो. एवढं तर तिनं पहिल्याच महिन्यात शिकून घेतलं होतं.

मग आत्ता काय खटकत होतं? तिनं फोटो मोठा केला.

"परमेश्वरभाऊ, हे कडं पुरं आहे का?"

"हाय की."

"नीट बघा."

परमेश्वरनं डोळे बारीक केले. कडं दिव्याच्या वरच्या बाजूला चमकत होतं, खालच्या बाजूला चमकत होतं. डावीकडे आणि उजवीकडे मात्र काळंशार होतं. दोन्ही बाजू गायब. उरलेला गोल आपले डोळे आपल्याच मनानं जोडून घेत होते.

"तुटकं हाय की हे!"

"चारी दिशांचे ओरखडे असते तर कडं पुरं दिसलं असतं. तुमचं मशीन गरागरा फिरतं, ते चारी दिशांनाच ओरखडणार. इथं सगळे ओरखडे एकाच दिशेला आहेत. या चाकाकडून त्या चाकाकडे, आडवे." तिनं स्वतःच्याच हातानं हवेत रेघ ओढली. "हे मशीननं केलेलं नाही. गाडीच्या समोर उभं राहून कुणीतरी हातानं केलंय. इतके दाट, म्हणजे रोज."

३

दुसऱ्या दिवशी धम्मशीला एसटीनं गंगाखेडला गेली. कारखाना सुरू झाल्यामुळे रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या होत्या आणि एसटी त्यांच्यामागून भक्तिभावानं चालली होती. परमेश्वर म्हणाला होता, मीबी येतो. पण त्याचा रागीट चेहरा बघून कुणी खरं बोललं नसतं, म्हणून तिनं त्याला दुकानावरच ठेवलं.

अप्पा दुकानात गेले होते. घर नवं होतं, पुढे फरशीचं अंगण आणि पत्र्याची शेड. गाडी तिथं घराकडे तोंड करून उभी राहायची. अप्पांची आई भागम्मा ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. म्हातारी ठेंगणी, गुडघ्यांनी बेजार, पण जीभ अगदी तरतरीत.

"बसा बाई. गाडीचं इचारायला आलाव ना? त्या गाडीपायी घरात वनवा लागलाय."

"गाडीला कोण कोण हात लावतं, अम्मा?"

"कोन लावणार? चकचकीत होऊन आल्यापासून शिवकांतनं दम भरलाय, कुनी बोट लावायचं न्हाई. मी तर ओट्यावरून खाली उतरतच न्हाई. लेकरं भेतात. कुत्रंबी लांबून जातं." ती हसली. "अन् हा सोता तर सकाळी पूजा झाल्याबिगर पानी पीत न्हाई, अन् गाडीबी हालू देत न्हाई. समदं नेमानं."

शेजारच्या तारेवर हातरुमालाएवढं पांढरं फडकं वाळत होतं. मधोमध त्याला करडी झाक आली होती. कापड इतकं मऊ दिसत होतं, की धम्मशीलाचा हात आपोआप पुढं गेला.

"त्याला हात नका लावू बाई, पूजेचं हाय," भागम्मा म्हणाली, आणि धम्मशीलानं हात मागं घेतला.

ड्रायव्हर बन्सीधर शेडमध्ये बादल्या पालथ्या घालत होता. नऊच्या सुमारास कामाला येतो, गाडी दुकानावर नेतो, संध्याकाळी परत आणून लावतो. धम्मशीलाला बघताच त्यानं बादली उगाचच पुन्हा उलटी केली.

"बन्सीधरभाऊ, गाडी पुसता कशानं?"

"पुसतच न्हाई, ताई. परमेश्वरभाऊनं सांगितलं व्हतं, कोरडं फडकं लावलं की खलास. मी फडकं फेकून दिलं."

"धुता कुठं?"

तो गप्प झाला. शेडच्या पत्र्याकडे बघू लागला. धम्मशीलानंही घाई केली नाही. लग्नाचे फोटो काढताना ती एक गोष्ट शिकली होती, की माणूस गप्प राहिला तर आपणही गप्प राहायचं, मग खरा चेहरा बाहेर येतो.

"अप्पाला सांगू नका," बन्सीधर अखेर म्हणाला. "एकदा ट्रॉलीमागं अडकलो. समदा चिखल उडाला. अप्पा रागं भरतील म्हणून कारखान्याकडच्या धुलाईवर नेली. तिथला मानूस स्पंज घेऊन बॉनेटवर आला..." त्यानं बादली खाली ठेवली. "मीच केलं का हो ताई हे? चार दिवसांपासून झोप न्हाई."

झालं. गुन्हेगार समोर उभा होता आणि स्वतःहून कबुली देत होता. सोमवारी अप्पांना एवढं सांगितलं की दुकान सुटलं. धम्मशीलाच्या मनात तो विचार आला आणि तिला स्वतःची शरम वाटली, कारण पुढचा प्रश्न अजून विचारायचा होता.

४

"स्पंज फिरवला का त्यानं?"

"न्हाई. मी हात धरला त्याचा. म्हणलं, नुसतं पानी मार. पानी मारलं अन् निघालो."

"मग तुम्ही केलेलं नाही," धम्मशीला म्हणाली. "स्पंज असता तर दारांवरही खुणा असत्या, आणि गोल असत्या. या आडव्या आहेत, आणि फक्त बॉनेटवर. निवांत झोपा."

बन्सीधरनं तिला स्टँडपर्यंत मोटारसायकलवरून सोडलं आणि बळंबळं चहा पाजला. पण तिच्या हाती काही लागलं नव्हतं. घरात कुणी हात लावत नाही, ड्रायव्हर फडकं लावत नाही, आणि तरी रोज बॉनेटवर हात फिरतो. पाणी मुरत होतं ते कुठं?

दुकानात येऊन तिनं शटर ओढलं, दिवा जमिनीलगत ठेवला आणि बॉनेटचे फोटो नव्यानं काढले. दिवा दारांकडून धरला तर बॉनेट स्वच्छ दिसायचं. समोरून, नाकाकडून धरला की ओरखडे पेटून उठायचे. असा समोरून, अगदी खालून दिवा धरल्यावर तिला पहिल्यांदा दिसलं, की ओरखडे बॉनेटभर नव्हतेच. मधोमध, नाकापासून हातभर आत, तीन पट्टे होते. एकाखाली एक. प्रत्येकाची रुंदी बोटाएवढी, मध्ये जेमतेम केसाएवढी जागा.

"हे आधी कसं दिसलं न्हाई?" परमेश्वर म्हणाला.

त्या 'आधी' शब्दानं धम्मशीला उठून संगणकाकडे धावली. दिवाळीनंतर गाडी पहिल्यांदा आली तेव्हाचे, एक हातही न लावलेल्या गाडीचे फोटो तिच्याकडे होते. प्रत्येक भाग ती चारी बाजूंनी दिवा फिरवून टिपत असे, परमेश्वर कितीही कुरकुरला तरी. बॉनेटवर तेव्हा सगळीकडे जाळं होतं. पण समोरून दिवा धरलेल्या फोटोत, त्या जाळ्याच्या गर्दीत, जरा जास्त दाट असे तीन आडवे पट्टे तिथंच होते. ते तेव्हाही होते. फक्त गर्दीत हरवले होते. परमेश्वरनं ती गर्दी हटवली, आणि नंतर पट्टे पुन्हा पडले ते एकटे उठून दिसले.

"म्हणजे आपल्या आधीपासून कुणीतरी..." परमेश्वर म्हणाला.

धम्मशीला मनात एकेक गोष्ट जुळवत होती. तीन पट्टे, कोरडी उडणारी पांढुरकी पूड, मऊ फडक्याच्या मधोमध करडी झाक. तिनं आपल्या हाताची मधली तीन बोटं जोडली आणि त्या पट्ट्यांवर अलगद, स्पर्श न करता धरली. नेमकी बसली. भागम्मा ओट्यावरून उतरत नाही, आणि उतरली तरी तिचा हात इतका आत पोचणार नाही. बन्सीधर तर सगळं उरकल्यावर येतो. राहिला एकच माणूस.

तिला आनंद व्हायला पाहिजे होता, पण भीतीच वाटली. दुकान वाचवायचं तर एका श्रद्धाळू माणसाला त्याच्या विभूतीनंच गाडी ओरखडली असं सांगावं लागणार होतं, आणि सांगणार कोण, तर त्यांच्या पंथाबाहेरची एक बाई. बाजारात फोटो खोटे म्हणवून घेणं परवडलं, असं तिला क्षणभर वाटलं.

"कोण हाय, ताई?" परमेश्वरनं विचारलं.

"सोमवारी त्यांनाच सापडू दे," ती म्हणाली.

५

सोमवारी अप्पा आले, आणि सोबत भागम्माही. "बघू तरी काय तमाशा चाललाय," म्हणून ती हट्टानं भाड्याच्या गाडीत बसली होती. परमेश्वरनं तिला खुर्ची दिली. अप्पा उभेच राहिले. कपाळावर सकाळच्या रेघा होत्या, आणि चेहऱ्यावर माणूस आधीच निकाल लावून आला की असतो तसा भाव.

"खुलासा?" ते म्हणाले.

"खुलासा तुमच्याच हातानं होऊ द्या, अप्पा," धम्मशीला म्हणाली आणि दिवा त्यांच्या हातात दिला. "आधी दाराच्या बाजूनं धरा."

अप्पांनी धरला. बॉनेट काळंभोर, स्वच्छ दिसलं. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"मशीननं केलेलं असतं तर इथूनही दिसलं असतं. आता समोर या. खाली धरा, अजून खाली."

अप्पा गाडीच्या नाकाशी आले, वाकले, दिवा खाली नेला. तीन पट्टे चमकून उठले.

बाहेरून एक ऑटो भोंगा वाजवत गेला. अप्पा वाकलेलेच राहिले. मग त्यांचा उजवा हात हळूहळू पुढं आला, मधली तीन बोटं जुळली आणि पट्ट्यांवर जाऊन थांबली. ती कुठं थांबावीत हे त्या हाताला कुणी सांगावं लागलं नाही. रोज सकाळी तो तिथंच जात होता.

"शिवा, शिवा," अप्पा पुटपुटले.

"काय झालं रे?" भागम्मानं विचारलं.

"अम्मा, पूजेनंतर हाताला राहिलेली विभूती... मी गाडीला लावतो ना." अप्पा सरळ झाले. त्यांचा चेहरा अगदी लहान मुलासारखा झाला होता. "मग वाऱ्यानं काचेवर उडती म्हणून पूजेच्या फडक्यानं तशीच, रेघेवरून रेघ, पुसून घेतो. गाडी घेतल्या दिवसापासून."

"मग हितं तक्रार घेऊन आलास तेव्हा सांगितलं न्हाईस काहून?"

"तू तरी सांगितलंस का बाईंना?"

भागम्मा चमकली. "मला तर ते गाडीला हात लावणं वाटलंच न्हाई! पूजेला कुनी हात लावणं म्हणतं व्हय?"

तेच तर होतं. घरात कुणीच खोटं बोललं नव्हतं. विचारलं होतं हाताचं, आणि पूजा ही कुणाच्या हिशोबी हाताची गोष्टच नव्हती.

"फडकं मऊ आहे अप्पा, आमच्या फडक्याहून मऊ," धम्मशीला घाईनं म्हणाली. "विभूतीतही वाईट काही नाही. फक्त ती कोरडी पूड आहे, आणि काळा रंग फार नाजूक. बोटाखाली रोज फिरली की रेघ उठते. हे बघा, आमच्याकडं यायच्या आधीचा फोटो. पट्टे तेव्हाही होते."

अप्पांनी संगणकावरचा फोटो बराच वेळ पाहिला. मग भिंतीकडे वळले, आणि भिंतीवरचा एकेक फोटो, जणू पहिल्यांदाच, बघत गेले.

"मी तुमाला बेइमान म्हणलो," ते म्हणाले, आणि दोघांसमोर हात जोडले. "शरणार्थी, बाई. शरणार्थी, परमेश्वर. अन् त्या बन्सीधरला मी काय काय बोललो... आधी त्याला फोन करतो."

त्यांनी खरंच तिथूनच फोन लावला. बन्सीधर पलीकडून काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण अप्पा डोळे पुसत होते. धम्मशीलाला एकदम भूक लागल्याचं जाणवलं. तीन दिवस ती धड जेवलीच नव्हती.

"पण आता पूजेचं कसं?" भागम्मानं मुद्द्याला हात घातला. "गाडी अशीच बिनपूजेची पाठवायची का रस्त्यावर?"

परमेश्वरनं डोकं खाजवलं. "काचेला लावा की अम्मा. वरच्या कडेला. काच टणक असती, तिला विभूतीनं काय होत न्हाई. पुसाल ते मात्र थोडं पाणी लावून."

अप्पा गाडीसमोर दोन पावलं मागं गेले आणि मान तिरकी करून गाडीकडे बघत राहिले. "बरोबर हाय," ते म्हणाले. "कपाळ तर तेच हाय. मी इतके दिवस नाकाला लावत व्हतो."

सगळ्यात मोठ्यांदा भागम्मा हसली.

परमेश्वरनं त्याच दुपारी बॉनेटवर मशीनचा पॅड फिरवला. अप्पा हलले नाहीत, शेजारच्या खुर्चीत बसून लेकराचं जावळ काढताना बघावं तसं बघत बसले. पट्टे गेले तेव्हा त्यांनी स्वतः दिवा धरला आणि चारी बाजूंनी फिरवून खात्री केली. आता त्यांना दिवा धरण्याचं वेडच लागलं होतं.

"त्या तीन पट्ट्यांचा फोटो भिंतीवर लावा," ते म्हणाले. "खाली माझं नाव लिहा. बाजारातल्या लोकांना मी सोता सांगणार हाय, पण त्यांनी हितं येऊन बघितलं पायजे. निम्म्यांच्या गाडीला मीच विभूती लावायला शिकवलंय."

"नाव नको, अप्पा."

"मग काय लावता?"

धम्मशीलानं कॅमेरा उचलला. "दिवा धरा. असा, समोरून. आणि थोडे वाका."

अप्पा वाकले. तिनं फोटो काढून पडदा त्यांच्याकडे वळवला. बॉनेटमध्ये दिवा एकटाच होता, त्याच्याभोवती ना पुरं कडं होतं, ना तुटकं. त्या काळ्या रंगात दिव्याशेजारी अप्पांचा चेहरा उमटला होता, आणि तीन रेघा होत्या त्या त्यांच्या कपाळावर.

"हाच लावा," अप्पा म्हणाले.